निळ्या नळीचं भाषण

प्रिय बाई,

तुला जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी तुझ्याबद्दल पुष्कळ बोललो. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर पाऊण तास बोललो. बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि मला, खरं सांगतो, त्याही वेळी भाषण जमल्याचं आत कुठेतरी बरं वाटलं होतं. पण तुझ्याशी मी बोललो नाही. आज बोलतो आहे, तेही कागदावर, कारण तुझ्या फोटोपुढे उभं राहून बोलायला तोंड होत नाही.

आजच का? कारण काल संध्याकाळी शालिकराम भेटला.

तुला आठवतो ना? हिंगण्याच्या कारखान्यात जाणारा, ताडमाड उंच, माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत. तू म्हणायचीस, "हा तं टाळ्या वाजवासाठीच बसवलेला गडी हाये." काल तो कंपनीच्या बसमधून उतरला आणि मला पाहून रस्ता ओलांडून आला. "भाऊ, नळी निळी झाली! चार महिने झाले, निळीच येऊन राहिली. गोळ्या बंद करून टाकल्या म्या. बाईसारखं झालं माह्यंबी!"

बाईसारखं!

मी खाली पाहिलं. चपलेचा पट्टा त्याच्या पावलात रुतला होता. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पाऊल फुगून वर आलं होतं, भिजवलेल्या पावासारखं. तो पाय मी ओळखला, बाई. तो तुझा पाय होता.

आणि मी काय म्हणालो? या वस्तीत ज्याला तोफ म्हणतात तो मी! मी म्हणालो, "छान." एवढंच म्हणालो आणि घरी आलो. तुझ्या भावजयीने, सुमनने ताट वाढलं, तर मी ते तसंच बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "काय झालं? सभेत कोणी उलटं बोललं का?"  तिला काय सांगणार? की एक मेलेली गोष्ट रस्त्यात उभी राहून माझ्याकडे पाहून हसली?

म्हणून आज दुपारी दार लोटून लिहायला बसलो आहे. त्या रविवारबद्दल मला तुझ्याजवळ बोलायचं आहे. तो तुला माहीत आहे. पण मी तो कधी कबूल केलेला नाही.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो आणि तू, माझी थोरली बहीण, संत्रा बाजारात छाटणीला जाऊ लागलीस. कळमेश्वरकडचा माल उतरायचा, ढीग लागायचे आणि तुम्ही बाया त्यात बसून फळं निवडायच्या. तुझा हात मी किती वेळा पाहिला आहे! फळ उचलायचं, बोटांत एकदा फिरवायचं, अंगठ्याने देठाशी हलकं दाबायचं आणि पेटीत नाहीतर मागे फेकायचं. एकदा मी तुझ्याशेजारी बसून पेटी भरू लागलो, तर माझ्या हातावर चापट मारलीस. "वरून पिवळंधम्मक दिसते म्हणून टाकतो का रे? दाबून पाह्य. एक सडकं पेटीत गेलं का दिल्लीपर्यंत आख्खी पेटी सडते."

मी ते ऐकलं होतं. ऐकलं, आणि आयुष्यभर कधी वापरलं नाही.

फळं गुंडाळायला रद्दी यायची. त्यातली छापील पानं तू माझ्यासाठी बाजूला काढायचीस. कोणत्या पुस्तकाचा मधला भाग, कोणत्या वर्तमानपत्राचा वरचा अर्धा. तुला अक्षर ओळखत नव्हतं, पण दाट छापलेलं पान तू बरोबर निवडायचीस. "याच्यात जास्त असन." त्या पानांवर मी वाढलो. राजे, क्रांत्या, ग्रह, तारे, सगळं वाचलं, आणि जवळजवळ सगळं अर्धं वाचलं. बाई, अर्ध्या पानावरून पूर्ण बोलायची सवय मला तिथेच लागली का? तुला दोष देत नाही. शाळेत, मग वाचनालयात, पूर्ण पुस्तकं हातात आली तेव्हा तरी मी सवय सोडायला हवी होती.

तुझा मधुमेह निघाला तेव्हा मी एक पुस्तिका आणली आणि दोन दिवसांत तुझा डॉक्टर झालो. स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, निळ्या औषधाची बाटली. सकाळी नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल म्हणजे फारच वाईट. तुझी नळी बहुतेक वेळा नारिंगी यायची. तू म्हणायचीस, "दिवसभर संत्रे हाताळून हाताळून आतूनबी संत्रंच झाली मी." किती हसलो होतो आपण! सुमन तर भांडी घासता घासता खाली बसली हसत.

गोड तू एका दिवसात सोडलंस. हातात दिवसभर संत्री, आणि तोंडात फोड नाही! सभांमधून मी ते सांगायचो. पण गोड गेलं म्हणून तू ठेचा वाढवलास, खारवलेल्या मिरच्या वाढवल्यास, भाकरीवर वरून मीठ भुरभुरवायला लागलीस. ते मी पाहत होतो. एकदाही मनात प्रश्न आला नाही. माझ्या पुस्तिकेत जिथे मी खुणा केल्या होत्या, तिथे मीठ नव्हतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. आठवतात ना ते? बारीक आवाजाचे, अर्धं वाक्य तोंडात आणि अर्धं टेबलावर ठेवणारे. ते म्हणाले होते, "साखर तर पाहाच. पण वर्षातून एकदा यांना घेऊन या. रक्तदाब पाहू, डोळे तपासायला पाठवू, आणि लघवी नुसती उकळून त्यात प्रथिन जातं का ते पाहू." मी मान डोलावली. पहिल्या वर्षी कळमेश्वरला माझी सभा होती. दुसऱ्या वर्षी काय होतं, मला आठवतही नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनीच मला रस्त्यात थांबवून विचारलं, तर मी म्हणालो, "घरी तपासतो ना आम्ही रोज!" दुखत काही नव्हतं तुला. तू बाजारात जात होतीस, पेट्या उचलत होतीस. निरोगी बाईला दवाखान्यात कशाला न्यायचं?

अशी अकरा वर्षं गेली, बाई. अकरा!

मग एक सकाळ आली आणि नळी हिरवी झाली. पंधरा दिवसांनी निळी. आणि निळीच राहिली. मी नाचायचाच बाकी होतो! त्याच दिवसांत तुला बाजारात दोनदा घाम सुटला, हात थरथरले, आणि शेजारच्या बाईने तुझ्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली तेव्हा तू सावरलीस. घरी येऊन भीत भीत सांगितलंस, "खाल्लं गा मी आज एक. रागावू नोको." मी रागावलो नाही. मी म्हणालो, "बाई, याचा अर्थ आता गोळीसुद्धा तुला जास्त होते आहे. आजार पळाला!" आणि गोळ्या बंद केल्या. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. पंचवीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत होतो की प्रश्न विचारा, कोणाचंही ऐकून घेऊ नका. माझ्या घरात मला प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

म्हणजे, होतं. तू होतीस.

त्या रविवारी सकाळी मी समाजमंदिराच्या सभेची तयारी करत होतो. विषय मीच काढला होता, अंगारा आणि विज्ञान. वस्तीत एक बाबा येऊ लागला होता, राख देऊन साखर उतरवतो म्हणायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वीस वर्षं होत आली आणि आपली माणसं पुन्हा राख चाटतात! माझं डोकं पेटलं होतं. तू मोरीतून बाहेर आलीस आणि दाराशी उभी राहिलीस.

"किसना, येक सांगू का?"

"बोल लवकर."

"लघवीले फेस येऊन राहिला गा. साबणावानी. पाणी टाकलं तरी जात नाही. लय दिवस झाले."

"नळी निळी आहे ना?"

"नळी निळी हाये. पण हा फेस..."

"बाई, आज मला बोलायचं आहे. नंतर पाहू."

आज मला बोलायचं आहे! हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल! पण ते तुझ्या तोंडावर मारलं, आणि वर तुझी सकाळची बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत घातली. तुला विचारलंदेखील नाही.

सभा भरली होती. बायका डावीकडे सतरंजीवर, तू मधे. मी बाबाची टर उडवली, लोक हसले. मग मी टेबलावर दिवा लावला, नळी काढली आणि म्हणालो, "ही माझ्या सख्ख्या बहिणीची लघवी आहे. बारा वर्षांची साखर. राख नाही, गंडा नाही, आता पाहा विज्ञान काय बोलतं ते!" तुझ्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा तू पदर नाकापर्यंत ओढून घेतला होतास आणि शेजारणी तुला कोपराने ढोसत होत्या. मला वाटलं, लाजते आहे. कौतुकाने लाजते आहे! आज लिहितानासुद्धा कान गरम होतात, बाई. सभेच्या मधोमध मी तुझी ती बाटली उंच धरून दाखवली. साध्या माणसाला कळतं की हे करू नये.

नळी उकळली. निळी राहिली. मी ती डोक्यावर धरली. शालिकराम उभा राहून टाळ्या वाजवू लागला आणि मग सगळेच.

आणि तेव्हा मागच्या बाजूने डॉक्टर उठले. ते सभेला आलेत हेच मला माहीत नव्हतं. म्हणाले, "साखर नाही हे खरं. पण इतक्या वर्षांनंतर आपोआप गेली असेल तर... ते नेहमीच चांगलं नसतं. मूत्रपिंडं पाहायला हवीत. दुसऱ्या नळीत नुसती लघवी घ्या, वरचा भाग उकळा आणि आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. पांढरा ढग राहिला तर..."

राहिला तर काय, ते त्यांना बोलू कोणी दिलं? माझ्या हातात माईक होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आजवर नळीत साखर शोधत होता. नळी कोरी निघाली, तर आता ढग शोधायला निघालात! दवाखाना रिकामा पडेल म्हणून घाबरलात की काय?"

समाजमंदिराचे पत्रे हादरतील असं हसले लोक. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि ते बसले. टाळीसाठी मी एका माणसाला खाली बसवलं, बाई, आणि त्याच्याबरोबर तुला.

घरी येताना तू माझ्या मागून चालत होतीस. मी वळून म्हणालो, "कसं झालं?"

तू म्हणालीस, "माह्यं मूत चारचौघांत तापवलं, ते जाऊ दे. तो डाक्टर काही सांगून राहिला होता, किसना. तू त्याले बोलू काहून नाही देलं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी चुरचुरीत दिलं असणार.

पुढचं तुला माहीत आहे. मृग बहाराचा, उन्हाळ्याच्या तोंडचा माल यायला लागला तेव्हा अडत्याने तक्रार केली की बाई, तुमच्या पेट्यांतून डागी फळ जाऊन राहिलं. तू! जिच्या हातून कधी डागी फळ सुटलं नाही ती तू! मी म्हणालो, वय झालं, चष्मा लावू. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक शिरा आणि मूत्रपिंडातल्या बारीक शिरा एकाच आजाराने एकत्रच बिघडत असतात, हे मला मागाहून कळलं. सकाळी तुझे डोळे सुजलेले असायचे, संध्याकाळी पाय. अंगाला खाज, तोंडाला चव नाही, भाकरी पुढे आली की ओकारी. सुमन म्हणाली, "दवाखान्यात नेऊ." तेव्हाही मी दोन दिवस घालवले, कारण जायचं कोणाकडे? कोपऱ्यावरच्या माणसाला मी भर सभेत हसं करून खाली बसवलं होतं. त्याच्या पायरीवर चढायला मला लाज वाटत होती. तुझा श्वास लागत होता आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलो होतो. याच्यासाठी मला शब्द सापडत नाही. मला!

शेवटी मोठ्या दवाखान्यात तुला ठेवलं. तिथे तेच डॉक्टर आपणहून तुला पाहायला आले. मला व्हरांड्यात नेऊन त्यांनी तेच सांगितलं, त्याच बारीक आवाजात. आणि या वेळी माझ्याकडे माईक नव्हता.

ते म्हणाले, मूत्रपिंड ही रक्ताची गाळणी. साखरेने तिच्या बारीक शिरा वर्षानुवर्षं खराब होतात आणि आधी गाळणी सैल होते. मग रक्तातलं प्रथिन लघवीत गळतं. फेस त्याचाच. वाढलेला रक्तदाब गाळणीवर आणखी मारा करतो, खारट खाणं त्यात भर घालतं. या काळात दुखत काही नाही, म्हणूनच दुखत नसताना तपासायचं. मग गाळणी बुजत जाते आणि शरीरातली घाण रक्तात साचते. इतकी बुजली की साखरसुद्धा लघवीत नीट उतरत नाही. रक्तात असते, नळीत दिसत नाही. औषध अंगाबाहेर टाकायचं कामही बरंचसं मूत्रपिंडांचंच, त्यामुळे तीच जुनी गोळी अंगात रेंगाळते आणि घाम फुटतो.

म्हणजे नळी खोटं बोलत नव्हती, बाई. ती सांगत होती, या बाईची गाळणी बुजली. आणि मी ते व्यासपीठावर विजय म्हणून वाचलं. त्या बाबाच्या राखेत आणि माझ्या निळ्या नळीत काय फरक राहिला? त्याची राख निदान लोक घरी नेऊन चाटत. माझी मी टाळ्यांसकट वाटली.

मी विचारलं, "त्या रविवारी तपासलं असतं तर?"  ते म्हणाले, "तोवर उशीर झालाच होता. थोडे महिने मिळाले असते कदाचित. सुरुवातीला प्रथिन सापडलं असतं, तर दाब आणि साखर आवरून, मीठ कमी करून वर्षं मिळाली असती. किती, ते सांगता येत नाही. गेलेली गाळणी परत आणता येत नाही." यंत्राने रक्त धुतात असं ऐकलं होतं, ते विचारलं. ती सोय तेव्हा इथे आपल्या हातची नव्हती.

पुढचा, दिवाळीच्या सुमारास उतरणारा आंबिया बहार तू पाहिला नाहीस. शेवटच्या दोन दिवसांत गुंगीत तुझा अंगठा चादरीवर दाबल्यासारखा हलायचा. काय निवडत होतीस, बाई?

घरी आल्यावर ती पुस्तिका मी काढली. पेन्सिलीच्या खुणा नळीच्या रंगांपाशी संपत होत्या. पान उलटलं, तर पुढच्याच पानावर मथळा होता, मूत्रपिंडे. त्या पानाला माझा हातही लागला नव्हता.

आणि एवढं कळूनही मी सात वर्षं गप्प राहिलो. पुण्यानुमोदनात तुझ्या कष्टांवर बोललो, तुझ्या स्वभावावर बोललो. त्या रविवारी मी चुकलो, एवढं एक वाक्य तेवढं त्याच व्यासपीठावरून मी कधी बोललो नाही. म्हणून शालिकरामला आजही वाटतं की बाईचा मधुमेह बरा झाला होता आणि ती दुसऱ्याच कशाने गेली.

थांब, बाई. शालिकरामचं नाव लिहिलं आणि मला माझंच कळेना. तो तिकडे पाय सुजवून बसला आहे आणि मी इकडे सुंदर वाक्यं लिहितो आहे! पत्र थांबवतो. जाऊन येतो.

आलो. तीन तास झाले.

स्पिरिटचा दिवा माळ्यावर होता. सुमनने खाली काढून दिला. डॉक्टरांकडून आम्ल आणायला हवं होतं, पण आधी शालिकरामकडे गेलो. आज त्याची सुट्टी होती. त्याची बायको दारात भाजी निवडत होती. मी विचारलं, "शालिकराम, लघवीला फेस येतो का?"

तो हसायला लागला. "भाऊ, आज हा काय विषय काढला?"

बायको दारातूनच म्हणाली, "येते नं! मी मोरी धुते, मले माहीत. सांगतलं तं मलेच म्हणते, तुले काय समजते वं."

बाई, प्रत्येक घरात एक बाई हे सांगत असते का? आणि प्रत्येक घरात एक माणूस तिला गप्प करत असतो?

त्या दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या पायरीवर चढलो. सात वर्षांनी. डॉक्टर म्हातारे झाले आहेत. मी हात जोडून सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, मी माफी मागायला..." त्यांनी मला थांबवलं. "आधी पेशंटला आत आणा."

त्यांनी नळीत नुसती लघवी घेतली, वरचा भाग दिव्यावर धरला. पांढुरकं झालं. आम्लाचे थेंब टाकले. एखाद्या वेळी क्षारांनी गढूळ होतं, ते आम्लाने निवळतं, म्हणाले. निवळलं नाही. वरती पांढरा ढग, खाली स्वच्छ पाणी. जो ढग मी थट्टेत उडवला होता तो मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

शालिकरामच्या दंडाला पट्टा बांधला. दाब बराच जास्त होता. रक्त तपासायला दिलं आहे, गुरुवारी कळेल. डोळ्यांसाठी चिठ्ठी दिली. पापड, लोणचं, वरचं मीठ बंद. गोळ्यांचं तो ठरवणार नाही आणि मीही ठरवणार नाही, रक्ताचा निकाल पाहून डॉक्टर ठरवणार. शालिकराम खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होता. "पण भाऊ, तुम्ही तं सांगतलं होतं..."

"मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो. "बाई त्यानेच गेली."

 त्याच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली पाहिलं. तिचा हक्क आहे. डॉक्टरच म्हणाले, "अजून करण्यासारखं पुष्कळ असू शकेल. निकाल येऊ द्या."

ती दोघं गेल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं, "येत्या रविवारी समाजमंदिरात तुम्ही बोला."

"मला माईकपुढे बोलता येत नाही. तुम्ही पाहिलंच आहे."

"मग नळी तुम्ही उकळा. मी दिवा धरून गप्प उभा राहतो."

"तुम्ही? गप्प?" असं म्हणून ते हसले, बाई. हसले आणि चष्मा काढून पुसला, तसाच.

मी निघताना त्यांनी विचारलं, "तुमची स्वतःची तपासली का कधी? सख्खी बहीण मधुमेही, वय पन्नाशीपुढे." मी नाही म्हणालो. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

आता माझं वचन ऐक. रविवारी मी आधी माईकवरून दोनच वाक्यं बोलेन. त्या दिवशी मी चुकलो आणि माझी बहीण त्या चुकीसकट गेली. मग माईक डॉक्टरांच्या पुढे ठेवीन. त्यांचा आवाज बारीक आहे, मागच्यांना ऐकू जाणार नाही, तर सगळ्यांना पुढे बसवीन. बायकांना आधी विचारीन, घरी कोणाला फेस येतो, कोणाचे पाय सुजतात, आणि त्या बोलतील तोवर थांबेन. टेबलावर दोन नळ्या असतील, एक साखरेची आणि एक ढगाची. आणि बाटली या वेळी माझी असेल. रुमालात गुंडाळलेली नसेल. घरी आधी तपासून पाहणार नाही. निळी येईल की लाल, ढग दिसेल की नाही, ते मला लोकांबरोबरच कळेल. लोक हसले तर हसतील. ढग निघाला तर सोमवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर मी पहिला असेन.

त्या वेळी डावीकडच्या सतरंजीवर मधली जागा मी रिकामी ठेवायला सांगणार आहे. तिच्याकडे पाहायची हिंमत झाली तर पाहीन.

आता बोलून झालं. सांग, बाई, फेस कधीपासून येत होता?

तुझा धाकटा,
किसना